सतरा हेडिंगांची वेबसाईट

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तू हल्ली दुपारची लॅपटॉपपुढे बसून काय करतेस? मी म्हटलं, हेडिंगं दुरुस्त करते. तुम्ही हसलात. तुमच्या तिकडे या कामासाठी माणसं नेमतात आणि त्यांना लांबलचक हुद्दे देतात, असं तुमचे बाबा सांगत होते. भिंगारमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आजी तेच करते, याची तुम्हांला गंमत वाटली असेल. मला त्यात गंमत दिसत नाही. ज्याला हे लोक आता तंत्र म्हणतात, ते मी लष्कराच्या एका कार्यालयात सिव्हिलियन कारकून म्हणून जन्मभर केलं. तेव्हा त्याला पत्राचा विषय लिहिणं म्हणत आणि त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नसे.

आमचे जुने साहेब एका पत्रात दोन विषय दिसले की पत्र परत पाठवायचे. कारण साधं होतं. पत्र फाईलला लावणारा माणूस पत्र वाचत नाही. तो फक्त वरची विषयाची ओळ वाचतो आणि त्यावरून कपाट ठरवतो. विषय चुकला की पत्रात कितीही मोलाचा मजकूर असो, ते चुकीच्या कपाटात जाऊन पडतं आणि निवृत्तीपर्यंत कुणाला सापडत नाही. एवढं कळायला मला इंग्रजी शाळेत जावं लागलं नव्हतं. पण नगरातल्या एका दुकानदाराला ते कळत नव्हतं, आणि त्यामुळे माझ्या भाचीचं घर तिच्या हातून जायची वेळ आली होती.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमच्या आईची मावसबहीण, तुमची मावशी. तिला अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळच्या एका गावात दिली आहे. तुम्ही लहानपणी एकदा गेला होतात, तिच्याकडच्या भाताचा वास तुमच्या लक्षात असेल तर असेल. तिचा नवरा शेती बघतो. घरामागे तिनं तीन खोल्या बांधून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला लागली. मे महिन्याच्या शेवटी तिकडे झाडांवर काजवे येतात, ते बघायला शहरातली माणसं गाड्या काढून धावतात, आणि पुढे पावसाळाभर धबधबे असतात. नाचणीची भाकरी, पिठलं, वरणभात, अंथरुणं, गरम पाणी, सगळं ती एकटी बघते.

पाहुणे मात्र तिचे नव्हते. शिर्डीचा एक ट्रॅव्हल्सवाला दर्शन झालेली माणसं गाडीत घालून आणायचा. त्यांना सांगायचा की हे आमचंच ठिकाण. भाचीला तो त्यांच्यासमोर "मावशी, चहा" म्हणून हाक मारायचा, आणि तो वयानं तिच्याहून मोठा आहे. यंदा त्यानं नवीन टूम काढली. तिन्ही खोल्या तीन वर्षांसाठी लिहून द्या, नाव आमचं लागेल, तुमच्या सुनबाईंनी फक्त स्वयंपाक बघायचा. भाचीचे सासरे तयार झाले होते. घरबसल्या काम होतंय, डोक्याला ताप नाही, असं त्यांचं म्हणणं. भाचीनं हातापाया पडून मुदत मागून घेतली. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिच्या वेबसाईटवरून पाहुण्यांचे फोन यायला लागले तर खोल्या तिच्याकडे राहतील. नाही आले तर सासरे सही करणार.

वेबसाईट होती. दीड वर्षापूर्वी करून घेतलेली. तिच्यावरून आजवर एक फोन आला होता, तो वेबसाईट करून देतो म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसाचा.

फाल्गुनात भाची माझ्याकडे चार दिवस राहायला आली तेव्हा मी ती वेबसाईट पहिल्यांदा बघितली आणि मला वाटलं, हिनं चुकून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उघडली. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत "॥ श्री गणेश प्रसन्न ॥". त्याखाली कुलदैवत. त्याखाली ग्रामदैवत. मग "सहर्ष स्वागत". मग सासऱ्यांचं नाव. मग चुलत दिराचं नाव, त्यापुढे "माजी उपसरपंच". मग भावकीतली आणखी नऊ नावं. मग समस्त परिवार. शेवटी घरातल्या दोन लहान मुलांच्या फोटोखाली "आमच्या घलाला यायचं हं!" हे सगळं सारख्याच जाड, मोठ्या अक्षरांत. खोल्या किती, जेवायला काय, गाव कुठे, हे एका फोटोवर रंगीत अक्षरांत छापलेलं होतं. भंडारदरा हा शब्द फोटोबाहेर कुठेही नव्हता. काजव्यांचा तर पत्ताच नाही.

तुमच्या बाबांनी मागे एकदा मला पानाच्या मागचा मजकूर कसा बघायचा ते दाखवलं होतं. मी तो उघडला. तुम्हांला हे ठाऊक असेलच, पण तरी सांगते, कारण तुमच्या वयाच्या लोकांना वापरता येतं पण समजलेलं असतंच असं नाही. पानावरच्या प्रत्येक ओळीमागे एक खूण असते. एच-वन ही खूण म्हणजे या पानाचा विषय. एच-टू म्हणजे त्या विषयाचे भाग. एच-थ्री म्हणजे भागांचे पोटभाग. बाकी सारा साधा मजकूर, आणि फोटोवर छापलेली अक्षरं सहसा त्यातही धरली जात नाहीत. शोधणाऱ्याला काय दाखवायचं हे ठरवणारं यंत्र या खुणांवरून बराच अंदाज घेतं. मी पेन्सिल घेऊन मोजलं. भाचीच्या पानावर एच-वन सतरा होते. एच-टू एकही नाही. फाईल लावणाऱ्यासमोर सतरा विषयांचं पत्र, आणि त्या सतरांत एकही विषय नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन मी त्या दुकानात गेले. बाजारपेठेत दुकान आहे. बोर्डावर फ्लेक्स, लग्नपत्रिका, ट्रॉफी, आणि सगळ्यांत खाली नव्या रंगात वेबसाईट. मालक पन्नाशीचे, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी चहा नको म्हटलं आणि विचारलं की सगळ्या ओळींना एच-वन का लावलं आहे.

"मॅडम, सगळेच महत्त्वाचे आहेत ना," ते म्हणाले. "एकाला मोठं केलं आणि दुसऱ्याला बारीक ठेवलं की भांडण माझ्या दुकानात होतं. मागं एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काकांचं नाव पुतण्याच्या नावापेक्षा जरा लहान गेलं, तर काका टेप घेऊन आले होते मोजायला."

"मग लोकांना ही वेबसाईट सापडणार कशी?"

"त्यात काय, लिंक ग्रुपवर टाकायची. दिली आहे की मी लिंक."

मी भाचीकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. म्हणजे ज्यांना घर आधीच माहीत आहे त्यांना पाठवायची वेबसाईट. पत्रिका तशीच असते, घरोघर नेऊन द्यायची. ज्याला तुमचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण काजवे बघायचे आहेत आणि रात्री कुठे झोपायचं असा प्रश्न पडला आहे, असा माणूस जगात असू शकतो, हे या गृहस्थांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तसं बोलून दाखवल्यावर त्यांनी लगेच उपाय काढला. खाली आणखी वीस-पंचवीस हेडिंगं घालू, बेस्ट हॉटेल, बेस्ट रिसॉर्ट, नंबर वन रिसॉर्ट. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं ठेवू, म्हणजे माणसांना दिसणार नाहीत पण यंत्राला दिसतील. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता, जणू फार मोठं गुपित देत होते. मी विचारलं, तिथे रिसॉर्ट आहे का? ते म्हणाले, तसं सगळेच लिहितात. मी म्हटलं, आमच्या कार्यालयात पत्रात एक आणि विषयाच्या ओळीत दुसरं लिहिणाऱ्याला मेमो मिळायचा. ते हसले. त्यांना वाटलं मी जुन्या काळच्या गमती सांगते आहे. त्यांच्याकडून पासवर्ड एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून घेतला आणि आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी पुढचं सगळं इंग्रजीतून वाचून काढलं. मराठीत व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण त्यातला प्रत्येक माणूस पहिली पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. वाचलं त्यात एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिलेली होती की हेडिंगं नीट लावणं म्हणजे जादू नव्हे. एच-वन एकाऐवजी दोन झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, आणि सगळं बरोबर केलं म्हणून पान लगेच पहिल्या जागी जात नाही. पान कशाबद्दल आहे ते माणसाला आणि यंत्राला दोघांनाही चटकन कळलं पाहिजे, एवढंच. हे वाचून मला त्या लेखकाबद्दल जरा आदर वाटला.

मग मी रेघांचा कागद घेतला आणि भाचीला विचारलं की पाहुणे काय काय विचारतात. ती सांगत गेली तसं मी लिहीत गेले. वरती एकच विषय: भंडारदऱ्याजवळ घरगुती मुक्काम आणि जेवण. त्याखाली भाग: खोल्या, जेवण, काजवे कधी दिसतात, कसं यायचं. "कसं यायचं" याचे पोटभाग: संगमनेर-अकोल्याकडून, घोटीकडून. प्रत्येकाखाली तिच्या तोंडचा साधा मजकूर. रिसॉर्ट नाही, नंबर वन नाही. काजवे कधी दिसतात यात तर मी तिला हेही लिहायला लावलं की पाऊस लवकर आला तर दिसत नाहीत.

कागद पुरा झाल्यावर मी वाचून बघितला आणि एक भाग कमी वाटला. मी लिहिलं: घर कोण चालवतं. भाची म्हणाली, "राहू दे मावशी. तिथं काय लिहिणार?"

"तुझं नाव."

"मी काय, स्वयंपाक करते."

आता तुम्हीच बघा. सतरा मोठ्या अक्षरांतल्या ओळी. तीन देव, सासरे, दीर, भावकी, समस्त परिवार, बोबडं बोलणारी दोन मुलं. आणि जिनं खोल्या बांधल्या, जी पहाटे उठून बंब पेटवते, पाहुण्यांची तापलेली पोरं घेऊन राजूरला डॉक्टरकडे जाते, तिचं नाव बारीक अक्षरांतसुद्धा नव्हतं. तो शिर्डीवाला काय म्हणतो याची मी तिला आठवण करून दिली. तो म्हणतो सुनबाईंनी फक्त स्वयंपाक बघायचा. तू पण तेच म्हणतेस, मग त्याचं काय चुकलं?  तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि एकेका बोटानं ती ओळ स्वतःच टाइप केली.

दोन दिवसांत काम झालं. ती गावी गेली आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, मावशी, तू ये, इथं फार झालंय.

संगमनेरपर्यंत एसटी, पुढे अकोल्याची, पुढे जीप, अशी मी या वयात हाडं खिळखिळी करत पोचले. ओट्यावर सभा भरल्यासारखी होती. सासरे भिंतीला टेकून बसलेले, चुलत दीर खुर्चीवर. दिरानं वेबसाईट मोबाईलवर उघडून धरली होती, पुरावा म्हणून. नमस्कार-चमत्कार झाल्यावर सासऱ्यांनीच विषय काढला.

"विहीणबाई, गनपती खाली घेतला म्हनं तुमी."

मी म्हटलं, काढला नाही, फक्त त्याची एच-वनची खूण काढली.

"देवाला न्हाई, मंग कुनाला लावायची?"

प्रश्न खरा होता आणि त्यांनी तो मनापासून विचारला होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. म्हटलं, तुम्ही नातवाच्या वहीवर पहिल्या पानाला वर श्री घालता ना? म्हणून ती वही श्री या विषयाची होते का? खाली गणित असतं. मास्तर ती गणिताच्याच गठ्ठ्यात ठेवतात. ते त्यांना पटल्यासारखं दिसलं. म्हाताऱ्या शेतकऱ्याला एकदा कारण दिलं की तो विचार करतो. शिकलेल्या माणसाचा तेवढा भरवसा नाही.

दीर शिकलेले आहेत. ते म्हणाले, देवाचं ठीक, पण त्यांचं नाव बारीक झालं आहे, आणि गावात लोकांनी बघितलं तर काय म्हणतील. वर हेही म्हणाले, "आन् वहिनीचं नाव कशापाई? बाईमानसाचं नाव मोबाईलवर शोबत न्हाई."

मी म्हटलं, बायकामुलं घेऊन परक्या घरी राहायला येणारा माणूस आधी हेच विचारतो की घरात बाई कोण आहे. माजी उपसरपंच कोण आहे हे कुणी विचारत नाही. ते लालबुंद झाले. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवायला असावा.

मग मी लॅपटॉप काढला आणि जे करायचं ते त्यांच्यासमोर केलं. गणपतीची ओळ सगळ्यांत वर, मधोमध, होती तेवढीच मोठी. दिराचं नाव जाड आणि मोठं, हुद्द्यासकट. दोन्हींमागे खूण मात्र साध्या मजकुराची. अक्षरं मोठी करायला एच-वन लागत नाही. रंगासारखंच ते वेगळ्या जागी ठरवता येतं. हे त्या फ्लेक्सवाल्याला माहीत नव्हतं, आणि दिराला माहीत करून घ्यायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं सुद्धा, की हे फक्त दिसायला मोठं आहे, हेडिंग नाही. ते मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून बघत राहिले.

"दिसतंय ना? मंग झालं. आतलं मशीन बगंल मशीनचं."

मी नोकरीत अशी पुष्कळ माणसं बघितली. खुर्ची मोठी पाहिजे, पाटी मोठी पाहिजे, टेबलावर फाईल आली नाही तरी चालेल. त्यांना खूश करणं किती सोपं असतं हे कळायला मला फार वर्षं लागली, म्हणून तुम्हांला आत्ताच सांगून ठेवते. भाचीच्या नावाबद्दल मग कुणी काही बोललं नाही. बोलायला दीर तिथे राहिलेच नाहीत, ते लिंक ग्रुपवर टाकायला निघून गेले.

एका गोष्टीत मात्र मी हरले. वेबसाईटवर फोन नंबर सासऱ्यांचा होता, तो भाचीचा घालू द्यायला ते तयार होईनात. मोबाईल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो आणि तिथेच राहणार, असं त्यांनी सांगितलं.

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. भाची दर चार दिवसांनी फोन करून विचारायची, मावशी, काही चुकलं का? मी रोज दुपारी तेच शब्द घालून शोधायची, भंडारदरा काजवे घरगुती मुक्काम. पहिल्या आठवड्यात नव्हतंच कुठे. मग निकालांच्या चौथ्या पानावर दिसलं. मग दुसऱ्या पानावर, तळाशी. नुसतं "भंडारदरा हॉटेल" शोधलं तर आजही सापडत नाही, आणि सापडू नये, कारण ते हॉटेल नाही.

चैत्र संपत आला तेव्हा पहिला फोन आला. पुढचं मी भाचीच्या तोंडून ऐकलं, पण ती नक्कल चांगली करते. फोन नाशिकच्या एका बाईंचा. सासरे गोठ्याजवळ उभे. बाईंनी विचारलं, अंथरुणं असतात का, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, लहान मुलाला तिखट नसलेलं काही मिळेल का. सासऱ्यांना यातलं एकही उत्तर येईना. इतके पावसाळे-उन्हाळे त्या खोल्यांसमोर काढलेला माणूस, पण आत अंथरुणं किती आहेत हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. शेवटी त्या बाई म्हणाल्या की तुमच्या पानावर घर चालवणाऱ्या ताईंचं नाव आहे, त्यांना देता का फोन? सासरे मोबाईल घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या फोनला परत चालत गेले. तिसरा आला तेव्हा ते जेवत होते, ताटावरून उठावं लागलं. चौथ्या फोननंतर त्यांनी मोबाईल खिशात घातलाच नाही. मांडणीवर डब्यांशेजारी ठेवला आणि म्हणाले, "तुझंच तुझं बग. माझ्या पायाचे तुकडे पडायले."

अक्षय्य तृतीयेला ट्रॅव्हल्सवाला कागद घेऊन आला. तोवर काजव्यांच्या दिवसांतल्या तीन शनिवार-रविवारांच्या खोल्या ठरल्या होत्या. बाकीचे दिवस मोकळेच होते, ते मी लपवणार नाही. त्यानं ओट्यावर बसून कागद पुढे केला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. सासऱ्यांनी चष्मा लावला नाही.

"मला इचारू नका," ते म्हणाले. "तिला इचारा. फोन तिच्याकडं असतोय."

तो आत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. भाचीचे हात पुरणानं भरलेले होते म्हणून ती उठली नाही. तिनं त्याला सांगितलं की तीन शनिवार-रविवार भरले आहेत, मधल्या वारी खोल्या आहेत, पाहुणे आणायचे असतील तर आधी फोन करून विचारायचं. त्यानं सवयीनं म्हटलं, "बरं मावशी, चहा तरी टाका." ती म्हणाली, आज सणाचा स्वयंपाक चालू आहे, चहा रस्त्यावरच्या टपरीवर मिळेल.